कोपऱ्यातला फुगा

चौतीस वर्षं मी फॅक्टरीच्या प्लॅनिंग सेक्शनमध्ये काढली, आणि या चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून निघालेलं एकही काम उशिरा झालं नाही. हे मी नाही म्हणत, निरोप समारंभात साहेब म्हणाले. त्यानंतर मला द्यायची शाल अर्धा तास सापडत नव्हती. पण शाल माझ्या यादीत नव्हती, त्यामुळे तो दोष मी घेत नाही.

निवृत्त झालो की जवाहरनगरचं क्वार्टर नोव्हेंबरअखेर रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून शहापूरला हायवेच्या आतल्या अंगाला घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर काढलं. लोक म्हणतात, घर पाहावं बांधून. ज्या माणसाला यादी करता येत नाही त्यानेच ही म्हण काढली असणार, असं माझं ठाम मत होतं. मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

माझा मुलगा अंकुश बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. निवृत्तीच्या आठवड्यात त्याने फोनवरून माझ्या मोबाईलमध्ये दोन गोष्टी बसवून दिल्या. "बाबा, तुमची वही म्हातारी झाली," तो म्हणाला, "आता हे वापरा."

पहिल्या गोष्टीत चित्र काढायचं. मधोमध एक फुगा, त्यात लिहायचं 'घर'. त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना आणखी फुगे लागतात. याला माइंड मॅप म्हणतात. दुसरीत नुसती कामांची यादी. काम कोणतं, जबाबदार कोण, तारीख कोणती, आणि पुढे एक रिकामा चौकोन. काम झालं की चौकोनात टिक. या दोन्हींच्या मध्ये एक बटण असतं. ते दाबलं की नकाशातल्या प्रत्येक फांदीच्या टोकाचा फुगा यादीत काम होऊन बसतो, आणि ती फांदी ज्याच्या नावावर असेल त्याच्या मोबाईलवर टिंग वाजते.

मी फांद्या वाटून दिल्या. बांधकाम बाबुलाल मिस्त्रीकडे. लाइट सोमाजीकडे, तो आमच्याच फॅक्टरीतला इलेक्ट्रिशियन, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेला आणि रिकामपणाला कंटाळलेला. स्वयंपाक आमच्या हिच्याकडे, म्हणजे ललिताकडे. पाहुणे पवनीच्या मालनकडे, ती हिची धाकटी बहीण. जे कोणाच्याच फांदीवर नाही ते आपोआप मालकाच्या नावावर पडायचं, म्हणजे माझ्या.

ऑगस्टमध्ये मी बटण एकदा दाबलं आणि घर असं उभं राहू लागलं, की बाबुलाल स्वतः म्हणाला, "साहेब, मी वीस वर्षांपासून घरं बांधून राहिलो, पण सिमेंट संपायच्या आधी सिमेंट आलेलं पहिल्यांदा पाहून राहिलो." मी फक्त मान डोलावली. मोठ्या माणसाने जास्त बोलू नये.

आता लपवायची गोष्ट सांगतो. फुग्यांचं व्यसन लागतं.

दुपारी ललिता लवंडायची आणि मला काही काम नसायचं. चौतीस वर्षांनंतरची रिकामी दुपार काय असते ते ज्याची त्यालाच माहीत. मी नकाशा उघडून बसायचो. त्यात एक फांदी होती 'अंकुशची खोली'. तिच्यात भिंती, लाइट, खिडकी, सामान असं सगळं रीतसर, ज्याच्या त्याच्या नावावर होतं. एकदा लाइटच्या पुढे मी सहज एक फुगा काढला : 'लहानपणी अंधाराला भ्यायचा. रात्रभर लाइट लागायचा.' लिहून बरं वाटलं. मग पाहुण्यांच्या फांदीवर काढला : 'खिडकीतून फाटक दिसलं पाहिजे. दर रविवारी फाटकाकडे पाहत बसणं.' हे ललिताचं. रविवारी फोनवर अंकुशचं 'बघतो, जमलं तर येतो' ऐकून झालं, की ती क्वार्टरच्या फाटकाकडे तोंड करून तांदूळ निवडत बसते. तांदळात खडे नसतात. पाकिटाचा तांदूळ आहे.

असे फुगे वाढत गेले. कोणी वाचणार नाही असं वाटत होतं. वहीच्या मागच्या पानावर माणूस लिहितो तसं.

आणि अगदी कोपऱ्यात, कोणत्याच फांदीला न जोडलेला एक फुगा होता. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आठवडाभर आधी, अंकुशचा फोन आला होता. "बाबा, इथं मन नाही लागत. नोकरी सोडून घरी येतो." मी म्हणालो, "नोकरी सोडून येत असशील तर येऊ नको." त्याने नोकरी सोडली नाही. तो आलाही नाही. दोन वेळा बढती मिळाली त्याला, मी पेढे वाटले. कोपऱ्यातल्या फुग्यात मी लिहिलं : 'येऊ नको असं म्हणायला नको होतं.' आणि सवयीने त्या फोनची तारीख टाकली. मी कशावरही तारीख टाकतो.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी गृहप्रवेश ठरला. भंतेजींना सांगून झालं होतं. सोमवारी क्वार्टरची तपासणी होती. सरकारी माणूस यादी घेऊन येणार, दारं, खिडक्या, नळ मोजणार आणि चावी घेणार. घर तयारच होतं. अंकुशच्या खोलीची चौकट तेवढी सुताराकडे अडकली होती. आणि अंकुश येणार की नाही, ते कळत नव्हतं. "बघतो बाबा," तो म्हणाला होता. त्या 'बघतो'मध्ये काय आहे हे ओळखायला मी आठ दिवस घातले, पण एवढ्याशा शब्दात काय दिसणार.

शुक्रवारी संध्याकाळी दोन कामं आठवली : भंतेजींची आसनं आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन. दोन फुगे काढले आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ आणायला नागपूरला गेलो. मोबाईल पिशवीत, पिशवी बसच्या वरच्या फळीवर. परत आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. क्वार्टरमध्ये शिरलो, पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळलो आणि जागीच थांबलो.

स्वयंपाकघराला दार नव्हतं. दार नव्हतं म्हणजे चौकटही नव्हती. भिंतीत एक भलंमोठं भगदाड होतं, त्यातून विटा दिसत होत्या, आणि भगदाडाच्या पलीकडे ललिता शांतपणे चहा गाळत होती.

"चौकट कुठं गेली?" मी विचारलं.

"शहापूरले."

"काहून?"

"मले काय विचारता जी? तुमचीच ऑर्डर होती. सोमाजीभाऊ आणि बाबुलाल सकाळीच येऊन काढून घेऊन गेले."

"आणि तू काढू दिली?"

"चौतीस वर्षं तुम्हीच तर शिकवलं," ती चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली. "लिहून आलं असंल तर विचारायचं नाही."

हे खरं आहे. आमच्या फॅक्टरीत कागदाशिवाय एक नट हलत नाही, आणि कागद आला की तो नट कायले हलवायचा असं कोणी विचारत नाही. ही शिस्त मी घरीही लावली होती. घरात बसून मी मोबाईल काढला. यादीत लाल अक्षरांत होतं : 'क्वार्टरच्या स्वयंपाकघराची चौकट इथं असायला हवी होती. जबाबदार : बाबुलाल. तारीख : शनिवार.'

तो फुगा मी भिंतींच्या पुढे काढला होता. त्या चौकटीवर अंकुशच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. पाचव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत दर वाढदिवसाला एक, समोर तारीख, माझ्या अक्षरात. क्वार्टर सोडताना त्या मागे राहणार, एवढंच मला म्हणायचं होतं.

तसाच शहापूरला धावलो. बाबुलालने चौकट अंकुशच्या खोलीला बसवून सिमेंटही भरलं होतं. सोमाजी खोलीच्या मधोमध उभा होता आणि खोलीत एवढा उजेड होता की मला डोळ्यांवर हात धरावा लागला. चार ट्यूबलाइट आणि छताला एक हॅलोजन.

"जय भीम, यादोरावजी," सोमाजी म्हणाला. "पोरगा आता नाही भेणार."

"सोमाजी, ही चौकट सरकारी आहे. परवा तपासणी आहे."

"असंल."

"मग मला एक फोन नाही करायचा?"

"मी म्हनलं होतं साहेब," बाबुलाल खाली पाहत म्हणाला. "सोमाजीभाऊ म्हने, ऑर्डरले फोन नाही लावत."

"बरोबर आहे," सोमाजी म्हणाला. त्याला त्यात काही चुकलं असं वाटत नव्हतं, आणि फॅक्टरीत मीही हेच म्हणालो असतो.

मी बटण शोधून लाइट बंद करायला गेलो. बटण नव्हतं. "रात्रभर लाइट लागतो असं लिहून होतं," सोमाजी म्हणाला. "बंद करायचं कुठं लिहून होतं?"

चौकट लगेच काढता येईना. आता हात लावला तर भिंतीचा तुकडा येईल, उद्या संध्याकाळी काढू आणि सोमवारी पहाटे क्वार्टरला बसवू, असं बाबुलाल म्हणाला. म्हणजे भंतेजींचा परित्राण पाठ चोरीच्या चौकटीसमोर होणार होता. मी त्या रात्री घरी बसून यादी पहिल्यापासून वाचली. शुक्रवारच्या बटणाने अठ्ठावीस नवी कामं गेली होती. त्यांतली दोन आसनांची आणि पाण्याची. बाकी सव्वीस कामं नव्हती, माझ्या रिकाम्या दुपारी होत्या.

ललिताच्या नावावर होतं : 'अंकुश नाही म्हणून वडाभात करत नाही.' पुढे टिक.

"हे काय टिक केलं?" मी तिला विचारलं.

"झालेलं काम आहे ना ते," ती म्हणाली. "तीन वर्षांपासून नाहीच करून राहिले." आणि ती आत गेली. त्या भगदाडातून मला ती उभी दिसत होती, पदराने डोळे पुसताना. दार असतं तर दिसली नसती.

रविवारी सकाळी आठला मालन पवनीच्या पहिल्या बसने शहापूरला उतरली. हातात पिशवी, पिशवीत चटई. तिने मला नमस्कार केला, फाटकासमोर चटई अंथरली आणि फाटकाकडे तोंड करून बसली.

"मालन, आत चल ना," मी म्हणालो.

"नाही जी भाऊजी. मले काम आलं आहे. 'दर रविवारी फाटकाकडे पाहत बसणं, जबाबदार मालनबाई.' किती वाजेपर्यंत बसायचं ते नाही लिहून तुम्ही." मग हळूच म्हणाली, "दर रविवारी पवनीहून येनं जमनार नाही मले. महिन्यातून एक येईन."

ललिता बाहेर आली. बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जाऊन मालनच्या चटईवर बसली. दोघी फाटकाकडे पाहत बसल्या. आमचं फाटक अजून रंगवलेलंही नव्हतं, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

भंतेजी आले, वंदना झाली, पाठ झाला, धागा बांधून झाला. भंतेजी अंकुशच्या खोलीत डोकावले, हॅलोजनकडे पाहून डोळे मिटले आणि जरा वेळ तसेच उभे राहिले. लोकांना वाटलं, ध्यान करत आहेत. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. मी वाढत होतो आणि मोबाईलकडे पाहत नव्हतो, कारण मोबाईलमध्ये काय आहे ते मला पाठ झालं होतं.

तेवढ्यात मालन ओरडली, "ताई, झालं काम!"

फाटकातून अंकुश येत होता. पाठीवर बॅग, दाढी वाढलेली, हातात मोबाईल. ललिता उठली तर खरी, पण दोन पावलांवर थांबली. तीन वर्षं ती फाटकाकडे पाहत होती, पण तो खरंच आला तर काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "चप्पल तिकडं काढ." मग त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली.

"शुक्रवारी संध्याकाळपासून मोबाईल वाजून राहिला," अंकुश मला म्हणाला. "अठ्ठावीस वेळा. माझंही नाव आहे ना त्यात, मीच तर बनवून दिलं. मीटिंगमध्ये होतो. साहेब म्हणाले, काही इमर्जन्सी आहे का. मी म्हणालो, हो."

"प्रवास कसा झाला?" मी विचारलं.

"चांगला झाला." मग त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. "बाबा, सगळ्यांची कामं झाली. तुमच्या नावावर एक राहिलं आहे. कोपऱ्यातलं. एक हजार एकशे बारा दिवस लेट दाखवून राहिलं."

चौतीस वर्षांत मी हे वाक्य लोकांना हजार वेळा ऐकवलं असेल. मला कोणी ऐकवलं नव्हतं. काय बोलायचं ते मला माहीत होतं, शब्दही फुग्यात लिहून तयार होते. नुसते वाचून दाखवायचे होते.

"तारीख चुकली असंल मोबाईलची," मी म्हणालो. "जेवून घे आधी."

संध्याकाळी चौकट काढण्याआधी ललिताने अंकुशला त्या खुणांपाशी उभं केलं. सतराव्या वर्षाची खूण त्याच्या डोक्याच्या तीन बोटं वर आली.

"पाहा," ललिता म्हणाली, "पोरगं घटलं. म्हणून राहिले होते मी, तिकडं खायचे हाल आहेत."

"वहिनी, खाच मोठी होती," बाबुलाल घाईने म्हणाला. "खालून विटा घेऊन चौकट वर उचलली. भाऊ नाही घटले."

"तू गप बस," ललिता म्हणाली. तिचं ऐकून घेण्याशिवाय इलाज नव्हता. तिने त्याच वेळी वडाभाताला डाळ भिजत घातली.

सोमवारी पहाटे आम्ही चौघांनी चौकट क्वार्टरला परत बसवली. अंकुश विटा देत होता, त्याच्या केसांत सिमेंट होतं, आणि मला वाटत होतं की हे काम दुपारपर्यंत पुरावं. ते नऊलाच झालं. दहाला तपासणीचा माणूस आला. त्याने चौकटीवर बोट फिरवलं, ओलं सिमेंट पाहिलं आणि लिहिलं, 'स्वयंपाकघराची दुरुस्ती स्वखर्चाने केली आहे.' वर माझं कौतुक केलं.

"साहेब, या पेन्सिलच्या खुणा..." मी म्हणालो. "पुसून द्यायच्या का?"

त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "खुणा यादीत नाहीत," तो म्हणाला. "यादीत नाही म्हणजे मला दिसत नाहीत." आणि चावी घेतली. मी त्याच्याशी वाद घातला नाही, मी तसाच माणूस होतो.

मंगळवारी अंकुश निघाला. शहापूरच्या स्टॉपवर आम्ही दोघंच उभे होतो, बस यायला वीस मिनिटं होती. वीस मिनिटं पुष्कळ असतात. मी मनात वाक्य जुळवलं, सुरुवातही केली.

"अंकुश."

"काय बाबा?"

"पाण्याची बाटली घेतली ना?"

"घेतली जी," तो म्हणाला, आणि हसला. मग बस आली.

घरी येऊन पायरीवर बसलो. मोबाईल वाजला. कोपऱ्यातल्या फुग्यापुढे टिक होती. 'पूर्ण केलं : अंकुश.' न झालेलं काम पूर्ण दाखवलं तर आमच्या सेक्शनमध्ये चार्जशीट मिळते. मी ते किती तरी वेळ पाहत बसलो.

फुग्याच्या शेजारी त्याने एक नवा फुगा काढला होता. 'बाबा तीन वर्षांत एकदाही इकडं आले नाहीत. मी पण रविवारी गेटकडे पाहतो. अकराव्या मजल्यावरून खालचा माणूस ओळखू येत नाही, तरी पाहतो. जबाबदार : बाबा.' तारीख रिकामी सोडली होती.

त्याच्याकडे जायचं असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी घर बांधलं, खोली बांधली, खिडकीतून फाटक दिसेल असं पाहिलं. नकाशात दोनशे फुगे होते आणि त्यांत बंगळूर कुठंच नव्हतं. ललिताला वाचून दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "मग काढा ना तारीख," आणि वड्यांचा डबा घासायला घेतला.

तारीख काढली. तिकीटही काढलं, दोघांचं. वेटिंग एकेचाळीस आणि बेचाळीस आहे. हे काम झालं म्हणायचं की नाही आणि टिक करायची की नाही, ते अंकुशला विचारावं म्हणून रोज फोन लावतो. पण त्याने "बोला बाबा" म्हटलं की माझ्या तोंडून "जेवला का" एवढंच निघतं.